सातचे थेंब

त्या भागात त्याला सगळे 'आलोच' म्हणायचे. खरं नाव त्याच्या पावत्यांवर छापलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. कुणाचा नळ गळायला लागला, मोरी तुंबली, टाकी वाहायला लागली की त्याला फोन जायचा आणि पलीकडून उत्तर यायचं, "हा आलोच." हे म्हणताना तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी बेसिनखाली आडवा पडलेला असायचा. मग तो कधी संध्याकाळी उगवायचा, कधी दुसऱ्या दिवशी, कधी लोकांनी बादल्या लावून लावून हात टेकल्यावर. लोक वैतागून दुसरा प्लंबर बोलवायचे, तो आहे ते बिघडवून जायचा, आणि पुन्हा आलोचलाच बोलावणं यायचं. कारण एकदा आला की त्याच्या हाताला तोड नव्हती. शिवाय बोलायला असा गोड, की भांडायच्या तयारीत बसलेली बाई पाच मिनिटांत त्याच्यासाठी चहा टाकायला उठायची.

तो खोटारडा मात्र नव्हता. फोनवर बोलताना त्याला खरोखरच वाटायचं की आपण अर्ध्या तासात पोहोचू. आणि समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं त्याच्या अगदी जिवावर यायचं. अशी त्याची चोपन्न वर्षं निघाली होती.

त्याची थोरली बहीण त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. आई होती तोवर आईला सांभाळलं, आणि आई गेल्यावर चौथ्या मजल्यावरच्या त्याच दोन खोल्यांत ती रफूचं काम करत राहिली. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर, सिगारेटने जळलेली बाही असं काहीही तिच्याकडे आणून द्यायचं. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि जखम अशी बुजवायची, की कापडाच्या मालकालाही नंतर जागा सापडायची नाही.

म्हणून त्याच्या बायकोचा काळा कोट रफू होऊन परत आला, तेव्हा बायको तो खिडकीशी घेऊन बराच वेळ उभी राहिली. कोपरावर बोटभर जागेत कापड गोळा झालं होतं आणि धागा काळा नव्हता, निळा होता. तिने नवऱ्याला हाक मारली, जागा दाखवली आणि म्हणाली, "ताईंना दिसत नाहीये."

त्याने लगेच फोन लावला आणि मंगळवारी डॉक्टरकडे नेतो असं बहिणीला सांगितलं. मंगळवारी एका हॉटेलचा पंप बंद पडला. गुरुवारी आणखी काही निघालं. शेवटी पुढच्या आठवड्यात बायकोनेच शाळेच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि नणंदेला घेऊन गेली.

डोळ्यांची डॉक्टर कमी बोलणारी, कोरडी बाई होती. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, म्हणाली. आतला दाब वाढलाय, डावा बराच गेलाय, उजवा अर्ध्यावर आलाय. थेंब सकाळ-संध्याकाळ घालायचे, पण नुसत्या थेंबांवर भागणार नाही, महिन्याभरात ऑपरेशन केलेलं बरं. बहिणीने विचारलं, ऑपरेशनने पुन्हा दिसायला लागेल का? डॉक्टर म्हणाली, गेलेलं परत येत नाही. आहे तेवढं टिकेल. बहिणीने पर्स उचलली आणि बघू म्हणून बाहेर पडली.

त्या रविवारी आलोच बहिणीकडे गेला, तो पूर्ण तयारीनिशी. वाटेत त्याने मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. कोणाकोणाची ऑपरेशनं झाली, ती माणसं आता कशी सुई ओवतात, डॉक्टर किती नावाजलेली, पैशाची चिंता कशी नाही. दोन तास तो बोलला. मध्ये तिला दोनदा हसवलंसुद्धा. ती ऐकत होती, हातातल्या बटणांच्या डब्यात बोटं फिरवत होती. तो थांबल्यावर म्हणाली, "छान बोलतोस. लहानपणापासून छान बोलतोस."

"म्हणजे तयार ना?"

"नाही."

मग तिने सांगितलं, आणि तेही आवाज न चढवता. ऑपरेशननंतर पहिला आठवडा दर दोन तासांनी थेंब घालायचे, पुढे दीड महिना दिवसातून चारदा. तिचा हात थरथरतो, आत्ताचे दोन थेंबसुद्धा गालावर पडतात. म्हणजे दुसरं कुणीतरी हवं. वेळेवर हवं. "आईचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा तिला ऑपरेशनला आत नेत होते. तू फोनवर आलोच म्हणालास. ती म्हणाली, पोरगा येतोय, पाच मिनिटं थांबा. ते वीस मिनिटं थांबले. मग स्ट्रेचर ढकललं, तेव्हा ती मान वळवून दाराकडे बघत आत गेली. तू संध्याकाळी आलास."

"ताई, त्या दिवशी मुख्य लाइन..."

"फुटली होती. माहीत आहे मला. आई काही त्याने गेली नाही, पुढे तीन वर्षं जगली, तुला कधी चकार शब्द बोलली नाही. मीही बोलत नव्हते. पण मला तसं दाराकडे बघत पडायचं नाहीये रे. त्यापेक्षा दिसतंय तोवर बघीन."

तो घरी आला तो पार गळून. बायकोला म्हणाला, तू समजाव, तुझं ऐकेल ती. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "त्यांना ऑपरेशन नको असं नाहीये. तुमच्या भरवशावर पडून राहायला नको आहे. मी आठ ते पाच ऑफिसात. शेवटी तुम्हीच लागणार."

"मग मी तिला शब्द देतो की..."

"शब्द देऊ नका. नुसतं जा थोडे दिवस." आणि जरा थांबून, भाजीतून नजर न काढता ती म्हणाली, "मलाही काही कबूल करू नका. मी ते ऐकायचं कधीच सोडलंय."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्याला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बहिणीला फोन केला. सकाळचे थेंब मी घालत जाईन, सातला येतो. ती म्हणाली, आठला आलास तरी चालेल, पण सात म्हणालास तर सातला ये.

सात म्हणजे सव्वापाचला उठणं. अंधारात चाचपडत मोजे शोधणं, पहिली बस, मग दहा मिनिटं चालणं, मग चार मजले. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि त्याच्या गुडघ्यांची तीस वर्षं बेसिनखालच्या फरशांवर गेली होती. वर पोहोचला की ती त्याला दोनदा साबणाने हात धुवायला लावायची, कारण त्याच्या बोटांना पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास यायचा. मग ती खुर्चीत मान मागे टाकून बसायची. पहिल्या दिवशी त्याचाही थेंब गालावर पडला. जाडजूड पान्हे फिरवणाऱ्या बोटांना ती एवढीशी बाटली दाबायची सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी तो हळूच ऑपरेशनचं बोलायला लागला, तर तिने थेंब पडायच्या आतच डोळा मिटून घेतला. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

नऊ दिवस नीट गेले. दहाव्या दिवशी सहाला, तो बसची वाट बघत असताना, बायकोच्या शाळेच्या पहारेकऱ्याचा फोन आला. तळघरात मुख्य पाइप फुटला होता, विजेच्या बोर्डापर्यंत पाणी चढायला आलं होतं, आणि आठला मुलं यायची होती. तो गेला. कमरेइतक्या गार पाण्यात उभं राहून त्याने व्हॉल्व्ह बंद केला, तुकडा कापला, जोड बसवला. अकरा वाजले. ओल्या कपड्यांनिशी तो बाराला बहिणीकडे पोहोचला आणि सगळं सांगितलं. विजेचा बोर्ड, मुलं, काहीही न वाढवता. तिने त्याला टॉवेल दिला. थेंब तिने स्वतःच घातले होते, बाटली बरीच रिकामी दिसत होती.

"खरं सांगतोय मी," तो म्हणाला.

"मी कुठे नाही म्हणते? तुझी कारणं कायम खरीच असतात."

तो खाली उतरून रस्त्यावर आला तेव्हा त्याच्या डोक्यात संताप होता. मुलं करंट लागून मेली असती तर चाललं असतं का हिला? बसमध्ये बसल्यावर संताप हळूहळू उतरला आणि खाली जे उरलं ते त्याला आवडलं नाही. सहा वाजून दहा मिनिटांनीच त्याला कळलं होतं की सातला पोहोचणं होत नाही. फोन त्याच्या हातातच होता. 'ताई, मी येत नाही, वाट बघू नकोस,' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? त्याने ते म्हटलं नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात उतरणं त्याला त्यापेक्षा सोपं गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने जिभेला लगाम घालायला घेतलं, आणि हे काम गुडघ्यांपेक्षा जड निघालं. फोन वाजला की तोंडातून 'आलोच' आपोआप सुटायचं. मग तो फोन ठेवायचा, मिनिटभर भिंतीकडे बघायचा आणि पुन्हा लावायचा. "मघाशी आलोच म्हणालो ते काही खरं नाही. साडेचार होतील." लोकांना आधी ती थट्टा वाटली. एका म्हाताऱ्या घड्याळजीने तब्येत बरी आहे ना, असं काळजीने विचारलं. कुणाला तो सांगायचा की या आठवड्यात जमणारच नाही, दुसरं कुणी बघा. दोन जुनी गिऱ्हाइकं खरोखरच दुसरीकडे गेली. जाताना त्यांतली एक बाई म्हणाली की पूर्वी तुम्ही येत नव्हता, पण बोलायचात तरी बरं.

सकाळ मात्र चुकली नाही. एकदा त्याला ताप होता. तोंडाला रुमाल बांधून गेला, थेंब घातले आणि न बसता परत आला. एकदा बस आलीच नाही, तेव्हा त्याने साडेसहालाच कळवलं की सव्वासात होतील. सव्वासातला तो दारात होता. आपण काही थोर करतोय असं त्याला वाटत नव्हतं. वाटायचा तो फक्त शीण. संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या डुलकी लागायची. बायको त्याचं ताट आता लवकर वाढायची.

बहिणीशीही फारसं बोलणं होत नव्हतं. बोलायला अंगात त्राण नसायचं. ती कधी डबा भरून ठेवायची, कधी नुसता चहा. महिना उलटला. डॉक्टरने तपासलं आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं की दाब उतरत नाहीये, तुम्ही वाट कसली बघताय? त्या दिवशी जिन्यात त्याला बहिणीच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पूर्वीचा असता तर त्याने रडून, हसवून, पाया पडून सगळे उपाय केले असते. दुसऱ्या सकाळी त्याने हात पुसले आणि एवढंच म्हटलं, "डॉक्टर म्हणतात डावा राहणार नाही."

"मला कळतंय ते," ती म्हणाली आणि मान मागे टाकली.

असे आणखी दोन आठवडे गेले. मग एका सकाळी थेंब घालून झाल्यावर, डोळे मिटलेलेच असताना, तिने विचारलं, ऑपरेशन केलं तर त्याच्या कामाचं काय?

जुनं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. कामाचं काय घेऊन बसलीस, मी आहे ना. ते त्याने गिळलं आणि खिशातली डायरी काढली. पहिला आठवडा तो एकही काम घेणार नव्हता आणि इथेच राहणार होता. पुढे दिवसातून चारदा. सकाळी आणि दुपारी तो, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बायको, झोपताना पुन्हा तो. इथवर सांगून तो अडखळला. पुढच्या महिन्यात त्याने बाहेरगावचं दोन दिवसांचं काम कधीच घेतलेलं होतं, ते मोडता येत नव्हतं.

"ते दोन दिवस मी नसणार. दुसऱ्या मजल्यावर नर्स राहते ना, तिला विचारलंय. सकाळ-दुपार ती येईल. संध्याकाळी आणि झोपताना ही येईल."

बहिणीने डोळे उघडले. औषधामुळे ते लाल आणि ओले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली, म्हणजे जेवढा तो तिला दिसत होता तेवढ्याकडे.

"हे दोन दिवस," ती म्हणाली, "पूर्वी तू मला सांगितलेच नसतेस."

"नसते."

"डॉक्टरांना विचार कधीची तारीख देतात."

त्याने डायरी खिशात घातली. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर त्याला बसावं लागलं. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं की माणसाला आधी दुखतं, तसं काहीसं झालं.

तारीख बारा दिवसांनी मिळाली. ऑपरेशनच्या दिवशी तो सहापासून तिच्याबरोबर होता. तिने त्याला चहा पिऊन यायला सांगितलं तरी तो बाकावरून हलला नाही. ती आत गेल्यावर, मागे पंप बंद पडला होता त्या हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. स्वयंपाकघरात पाणी भरलं होतं. "आज येणार नाही," तो म्हणाला. "पुढचे आठ दिवस नाही." मॅनेजर तोंडाला येईल ते बोलला. त्याने ते ऐकून घेतलं.

दीड तासाने डॉक्टर बाहेर आली. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं केलं होतं आणि ते नीट झालं होतं. डाव्याला हात लावण्यात अर्थ उरला नव्हता. तिने हे जसं होतं तसं सांगितलं. मग त्याने विचारलं, आणि विचारून पस्तावला, की दोन महिन्यांपूर्वी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाली, थोडा प्रकाश, थोडे आकार राहिले असते. नक्की किती ते कुणी सांगू शकत नाही.

तो पुन्हा बाकावर बसला. ते दोन महिने कशात गेले हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एखाद्या माणसाच्या शब्दाला वजन यायला जितका वेळ लागतो, तितक्यात एक डोळा गेला होता. वजन आधीच असतं तर पहिल्याच रविवारी दोन तास बोलावंही लागलं नसतं.

त्याने ते तिला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तिच्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी होती, ती थेंबांपुरती काढायची आणि पुन्हा चिकटवायची. ती चिकटवता चिकटवता तो म्हणाला, "डावा माझ्यामुळे गेला ताई."

"तसं नाहीच असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण मीही हट्टाला पेटले होते. आणि मीच तुला इतकी वर्षं काही बोलले नव्हते. अर्धं अर्धं वाटून घेऊ." मग तिने पट्टी नीट चिकटली का, असं विचारलं. चिकटली होती.

दर दोन तासांचं काम माणसाला पिळून काढतं. थेंब घालायचे, पाच मिनिटं थांबायचं, दुसरी बाटली, मग वेळ लिहून ठेवायची, तिला काहीतरी खायला द्यायचं, भांडी विसळायची, की झालेच दोन तास. पाचव्या दिवशी सकाळी नऊचे थेंब घालून तो खिडकीशेजारच्या खुर्चीत टेकला. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. त्याला वाटलं, दोन मिनिटं डोळे मिटावेत.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकून उठला. बहीण पुढ्यात उभी होती, भिंतीला धरून स्वयंपाकघरातून चालत आलेली. त्याने घड्याळ शोधलं. अकराला एक मिनिट कमी होतं.

"कधीपासून जागी आहेस?"

"मी झोपलेच नव्हते. तू घोरत होतास."

"मग उठवायचं ना मला."

"अकराला अजून अवकाश होता," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून ती बसली, आणि तो हात धुवायला गेला.